स्वयंपाकघराखालचं दालन

स्प्लिट, ३ ऑक्टोबर

प्रिय दिन्को,

हे घर नेमकं कुणाचं, असं तू विचारलं आहेस. मला उत्तर देता येत नाही. कागदावर अर्धं तुझं, अर्धं माझं, आणि मरेपर्यंत राहण्याचा हक्क आपल्या आजीचा, नोनाचा. हे तुलाही ठाऊक आहे, आणि तुला कागदावरचं विचारायचं नव्हतं, हे मलाही कळतं.

दोन वर्षांत तुझं हे पहिलं पत्र. पाकिटावरचं अक्षर बघून नोनानं ते आधी ॲप्रनला पुसलं, मग त्याचा वास घेतला. म्हणाली, "मासळीचा वास नाही येत. खोटं बोलतो. मासळीच्या कारखान्यात कामाला असता तर पाकिटाला वास आला असता." मी सांगितलं की आयर्लंडमध्ये हातमोजे घालून काम करतात. त्यावर ती म्हणाली, "हातमोजे घालून मासा साफ करणाऱ्याचं लग्न कसं जमायचं?"

मग मी तिला सगळं वाचून दाखवलं. घर विकत घेणारा झाग्रेबचा आहे, पाहुण्यांसाठी सात खोल्या काढणार आहे, प्रत्येक खोलीला वेगळं न्हाणीघर करणार आहे, आणि तिला शहराबाहेर लिफ्टच्या इमारतीत जागा देणार आहे. ती शेंगा सोलत होती. टोपली सोलून संपवली. मग एवढंच विचारलं, "त्या लिफ्टमधून समुद्र दिसतो का?"

मी बरी आहे. जुन्या वास्तू जपणाऱ्या आमच्या वारसा-कचेरीत मला कायम केलं. सध्या राजवाड्याच्या उत्तरेकडच्या तटाचे दगड मोजते आहे. एकेक दगड, त्याची लांबी, रुंदी, भेगा. लोक खालून जाताना विचारतात, "मोजून झाले का गं? एखादा कमी तर नाही ना भरला?" परवा कबुतरांच्या घाणीखाली एका दगडावर ग्रीक अक्षरं निघाली. कुणा गवंड्यानं स्वतःचं नाव कोरलेलं. राजवाडा बांधणाऱ्या रोमन सम्राटासाठी राबायला समुद्रापलीकडून आणलेला माणूस असणार. नाव पुरतं वाचता आलं नाही. पण त्याच्या छिन्नीनं जिथे सुरुवात केली तो खड्डा माझ्या बोटाच्या टोकाएवढाच आहे. मी बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलंच नाही. शिडी धरणारा माणूस ओरडला, "झोप लागली का वर?"

माझ्या पदवीच्या जेवणाच्या दिवशी जे झालं त्याबद्दल मी इथे लिहीत नाही.

कागदांवर सही मात्र मी करणार नाही. हे घर विकायचं नाही, दिन्को.

विंका


११ ऑक्टोबर

दिन्को,

तुझं उत्तर यायच्या आतच पुन्हा लिहिते आहे, कारण स्वयंपाकघराची जमीन खचली.

वॉशिंग मशीन गरगर फिरत होतं आणि फिरता फिरता एका बाजूनं खाली बसलं, म्हातारा बाकावर बसतो तसं. आम्ही दोघींनी ते ओढून बाजूला काढलं. खाली काँक्रीटचा चौकोन आहे ना, तुला आठवत असेल, तो मधोमध तडकलाय. एका फटीतून गार हवा वर येत होती. ऑक्टोबरातली हवा नव्हे ती. दगडाच्या पोटातली.

"मोरी," नोना म्हणाली, जणू जुनी ओळखीची बाई दारात आली. "माझ्या सासूनं फुटक्या बशा इथूनच टाकल्या. तिच्या सासूनं बकरीची हाडं. सगळ्या गल्लीचं असंच होतं. जमिनीला भोक, भोकावर फळी. कचरा उचलायला कोण येत होतं तेव्हा?"

"आणि तू काय टाकलंस?"

"तुझ्या आजोबांची तंबाखू. एकदाच. तीन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत." मग म्हणाली, "फार छान गेले ते तीन आठवडे."

मी समोरच्या दारातून बार्बा श्पिरोंना, सगळ्या गल्लीच्या काकांना, बोलावून आणलं. सत्तरी उलटली तरी गल्लीतलं सगळं गवंडीकाम अजून त्यांच्याकडेच येतं. गुडघ्यावर बसून त्यांनी तडा बघितला आणि बसल्या जागी गंभीर झाले.

"हे माझंच ओतकाम," ते म्हणाले. "मी आणि तुझ्या भावानं. तुमचे बाबा गेले त्या वर्षी."

"का बुजवलं?"

"उंदीर," ते म्हणाले. फारच पटकन म्हणाले. "आत्ताही ओतून टाकू. दोन पोती सिमेंट. दार लाव. तुझ्या त्या कचेरीला कळलं तर सात वर्षं तुमच्या चुलीवर टेबल मांडून बसतील आणि वर तुम्हालाच कॉफी करायला लावतील."

तुला आपली माणसं ठाऊक आहेत. सम्राटाच्या जुन्या राजवाड्याच्या भिंतींत घरं करून राहणारे आपण. कुणाच्या जमिनीखाली काही निघालं, की आधी दार लावतो, मग खिडकी, मग बघतो. कोपऱ्यावरच्या बाईच्या न्हाणीत रंगीत खड्यांची जुनी जमीन निघाली तेव्हा तिनं त्यावर निळ्या टाइल्स बसवल्या, आणि सगळी गल्ली त्या टाइल्सचं कौतुक करून आली. मीसुद्धा गेले होते. तेव्हा शिकत होते, आणि तरी गप्प बसले.

आणि एक कबूल करते. फटीतून हवा आली तेव्हा मला पहिलं काय सुचलं? याची नोंद झाली की न्हाणीघराचा एक नळही खाली नेता येणार नाही, आणि तुझा झाग्रेबकर पळून जाईल. मला आनंद झाला तो ह्याचा.

बार्बा श्पिरोंना म्हटलं, ओतायचं नंतर बघू, आधी फोडून द्या. नाखुशीनं कबूल झालेत. शनिवारी येतील.

कचेरीत अजून काही बोलले नाही.

विंका


१८ ऑक्टोबर

दिन्को,

मी खाली जाऊन आले. हात अजून काळे आहेत, म्हणून कागदाला डाग.

काँक्रीट काढल्यावर माणूस मावेल एवढं भोक निघालं. बार्बांनी माझ्या कमरेला दोर बांधला, दुसरं टोक दाराच्या दगडी चौकटीला. "वर ओढताना जड लागलीस तर सोडून देईन हं," म्हणाले. नोना खुर्ची घेऊन भोकाशी बसली आणि विहिरीत बादली सोडल्यासारखी वाकून सूचना देत राहिली. "डोकं सांभाळ! कशाला हात लावू नकोस! काय दिसतंय?"

पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. पाय मऊ भुसभुशीत ढिगावर टेकले. मग मी कपाळावरचा दिवा वर केला.

मला हे नीट लिहिता येईल असं वाटत नाही. डोक्यावर विटांची कमान होती. माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक चढलेल्या विटा, सगळीकडून वर जात एका बिंदूपाशी मिळणाऱ्या. एकही निखळलेली नाही. चुन्यावर गवंड्याच्या तळव्याचा ठसा, ओल्यात टेकला असेल तसाच्या तसा. ढीग इतका उंच आहे की मी गुडघ्यावर बसून त्या कमानीला हात लावू शकले. खाली अजून किती खोल आहे देव जाणे. सतराशे वर्षांपूर्वीचं दालन, आणि ते शाबूत आहे कारण आपण त्यात कचरा टाकला! कचऱ्यानं भरलं म्हणून कुणी मोडलं नाही, भिंती आतून दाबून धरल्या गेल्या, कमान खचली नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या बायका फुटकी बशी टाकून हात झटकत होत्या, त्यांना ठाऊकही नव्हतं की आपण सम्राटाचं छत तोलून धरतोय. चार वर्षं मी हे पुस्तकांतून शिकले, परीक्षेत लिहिलं, गुण मिळवले. पण गुडघे त्या ढिगात रुतल्यावर मला रडू आलं.

"मेलीस का?" नोना वरून ओरडली.

"नाही!"

"मग बोल की!"

आता ऐक. स्वयंपाकघराची ती वाकडी भिंत आठवते? जिच्याजवळ कपाट कधीच नीट बसलं नाही, आणि बाबा दर नाताळात पाचर ठोकता ठोकता ज्या गवंड्याला शिव्या द्यायचे? ती वाकडी नाही. खाली तीच भिंत पुढे जाते आणि वळत राहते. मी दिवा धरून तिच्या कडेकडेनं सरकत गेले. दालन गोल आहे, दिन्को. खालचं दालन जसं, तसंच वरचं असायचं. हा सम्राटाच्या वेळचा नियमच. म्हणजे आपलं स्वयंपाकघर, बार्बांचा जिना आणि मागची बोळ मिळून एकच मोठी गोल खोली होती. सम्राट तिथे उभा राहून समुद्र बघत असेल. आणि आपण तिच्या एका फोडीत पालक उकडतो आहोत.

वर आल्यावर नोनाला सांगितलं. तिनं भिंतीकडे बघितलं, उठली, कपाटाखालची पाचर हातानं चाचपली. म्हणाली, "माझ्या मुलानं उगाच एवढ्या शिव्या दिल्या."

ढिगाच्या अगदी वर, भोकाच्या बरोबर खाली, काही वस्तू मिळाल्या. त्यांबद्दल नंतर लिहीन.

तुझं पत्र मिळालं. सहीसाठी तू महिनाअखेरची मुदत घातली आहेस. वाचलं.

विंका


२ नोव्हेंबर

प्रिय दिन्को,

मुदत उलटली. मी सही केली नाही, आणि तुझ्या मुदतीला उत्तरही दिलं नाही. कारण त्या वस्तूंबद्दल तुला लिहायला मला पंधरा दिवस धीर होत नव्हता.

खरं तर एकच वस्तू होती. चामड्याचं दप्तर. बाबांच्या होडीवरच्या मेणकापडात गुंडाळून दोरीनं बांधलेलं. गाठ तुझी. मला ती गाठ तूच शिकवली होतीस.

मी ते उघडलं. माफ कर.

एक छिन्नी, लाकडी मोगरी. पांढऱ्या दगडाचा तुकडा, त्यावर अर्धं कोरलेलं पान, राजवाड्याच्या चौकात, पेरिस्टिलच्या खांबांवर आहे तसलं. ब्राच बेटावरच्या दगडकामाच्या शाळेचं पत्र: दिन्को कुझ्मानिच याला प्रवेश देण्यात येत आहे, एक सप्टेंबरला हजर व्हावं. बाबा बुडाले ते जुलैत.

तू आम्हाला सांगितलंस की शाळेनं घेतलं नाही. मी सात वर्षांची होते. नोना म्हणाली होती, "बरं झालं, दगडाच्या धुळीनं माणूस खोकून मरतो," आणि तू हसला होतास. दुसऱ्या दिवसापासून बाबांच्या जागी होडीवर.

आणि दप्तराच्या तळाशी एक वही. तिच्या मधल्या पानावर आपलं स्वयंपाकघर. चूल, खिडकी, मोरीचं भोक, ती भिंत. भिंतीची रेघ तू थांबवलेली नाहीस. ठिपक्याठिपक्यांनी पुढे नेली आहेस, बार्बांच्या जिन्यातून, बोळातून, आणि फिरवून परत आणून मिळवली आहेस. पूर्ण वर्तुळ. मापं लिहिली आहेत. खाली पेन्सिलीनं, "भिंत वाकडी नाही. गोल आहे. खाली उतरून पाहिलं." आणि तारीख. माझी मापं मी कचेरीच्या यंत्रानं घेतली. तुझ्या आणि माझ्या मापांत चार बोटांचा फरक पडला, आणि मी पुन्हा मोजलं तेव्हा चूक माझी निघाली.

मी ते पान किती वेळ बघत बसले ते सांगता येत नाही. ती विटांची कमान पाहून जसं झालं तसंच पुन्हा झालं, फक्त ह्या वेळी वर बघावं लागलं नाही.

काल सगळ्या संतांचा दिवस. आम्ही लोव्रिनाट्सच्या दफनभूमीत बाबांच्या थडग्यावर शेवंती घेऊन गेलो. बार्बा श्पिरोही होते. येताना नोना पुढे गेली तेव्हा मी त्यांना गाठलं.

"उंदीर होते?"

ते चालत राहिले. "एकच. पंधरा वर्षांचा. रडत माझ्याकडे आला, म्हणाला, बार्बा, हे बुजवा, नाहीतर मी पुन्हा काढीन."

"आणि तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत?"

"तू त्याला कधी विचारलंस?" मग जरा मऊ आवाजात, "त्यानं शपथ घातली होती गं पोरी. म्हणाला, धाकटी शिकेल. मी म्हटलं, ती अजून नाकातला शेंबूड पुसत नाही. म्हणाला, पुसेल."

तर आता पदवीच्या जेवणाबद्दल लिहिते. ताटात पाश्तिसादा होती, नोनानं दोन दिवस मुरवून शिजवलेलं मांस. तू म्हणालास, घर विकून टाकू, ह्या दगडांनी आपल्याला काय दिलं. आणि मी सगळ्यांसमोर, नव्या पदवीच्या तोऱ्यात म्हणाले, "ज्यानं पंधराव्या वर्षी शाळा सोडली त्यानं मला दगडांबद्दल सांगू नये." तू ताटातलं सगळं संपवलंस. ताट धुतलंस. पुसून जागेवर ठेवलंस. त्या आठवड्यात आयर्लंडला गेलास.

मला वाटत होतं, तुला दगड कळत नाहीत म्हणून तू घर विकतोस. मला सुचलंच नाही की ज्याला ते माझ्याहून जास्त कळतात, त्याला रोज त्या भोकावर उभं राहून भांडी घासणं किती जड गेलं असेल.

माफी मागते. ही कागदावर मागायची गोष्ट नाही, पण माझ्याजवळ आत्ता कागदच आहे.

तुझी
विंका


९ नोव्हेंबर

प्रिय दिन्को,

तुझं उत्तर आलेलं नाही. त्याची वाट न पाहता मी काही गोष्टी केल्या, त्या क्रमानं सांगते.

सोमवारी कचेरीत गेले आणि दालनाची नोंद करायला अर्ज दिला. आमच्या प्रमुख बाई, श्योरा आलेम्का, चष्मा कपाळावर चढवून वाचत होत्या. एका ओळीशी थांबल्या.

"शोध लावणारा: दिन्को कुझ्मानिच. हा कोण? तुझ्या वर्गातला?"

"माझ्या घरातला. भाऊ."

"कुठे शिकला?"

"मासेमारीच्या होडीवर."

त्यांनी तुझ्या वहीचं पान उजेडाकडे धरलं. चष्मा डोळ्यांवर आणला, पुन्हा वर केला. शेजारच्या टेबलावरच्याला हाक मारून दाखवलं. मग म्हणाल्या, "ह्यावर मूळ तारीख आहे. सतरा वर्षांपूर्वीची. म्हणजे तू ह्यात दुसरी."

"हो."

"दुसरं नाव तुझं लिहू?"

"मापं तपासणारी म्हणून लिहा."

बुधवारी त्या स्वतः आल्या. कमरेला दोर, पायात पुरुषी बूट. उतरताना बार्बांशी वाद, दोर कसा धरावा यावरून. खाली गेल्यावर मात्र आवाज नाही. आम्ही तिघं वरून वाट बघत होतो. नोना म्हणाली, "हीसुद्धा मेली." अर्ध्या तासानं त्या वर आल्या, चेहऱ्यावर माती. नोनानं सोललेलं संत्रं पुढे केलं, आणि त्या फोड हातात धरून नुसत्याच बसून राहिल्या. जाताना म्हणाल्या, ढीग थराथरानं काढावा लागेल, एक एक बशी, वर्षं जातील. नोना म्हणाली, "निळ्या काठाची सापडली तर ती माझी. नवऱ्यानं फेकली होती, मी नव्हे."

झाग्रेबकराला मी स्वतः फोन करून नोंदीबद्दल सांगितलं. त्यानं वकिलाशी बोलतो म्हटलं, आणि काल नको असं कळवलं. हे तुझ्या पाठीमागे केलं. पहिल्या दिवशी मला ह्याचाच आनंद झाला होता, आता होत नाही. तुला आयर्लंडमधून कायमचं सुटायचं असेल, स्वतःची होडी घ्यायची असेल, काय हवं होतं तेही मी कधी विचारलं नव्हतं.

पण ते दालन पुन्हा झाकणं माझ्या हातून झालं नसतं. कुणी तरी ओल्या चुन्यावर हात टेकला होता. कुणी तरी पंधराव्या वर्षी त्याच्याखाली बसून मापं घेतली होती. ते मी बुजवलं असतं तर तुझं पान दुसऱ्यांदा भोकात टाकल्यासारखं झालं असतं.

घर कुणाचं, ह्याचं उत्तर मी अजूनही देऊ शकत नाही. सम्राटानं बांधलं. मग पलीकडचं शहर जळलं तेव्हा पळून आलेली माणसं, आपलेच कुणी तरी, कुणालाही न विचारता आत शिरली आणि चुली मांडल्या. तेव्हापासून जो राहिला त्याचं. आणि जो त्यासाठी बाहेर गेला त्याचं? हे कुठल्या कागदात बसतं मला माहीत नाही.

म्हणून शुक्रवारी मी नोटरीकडे जाऊन माझा अर्धा हिस्सा तुझ्या नावावर करून दिला. सही झाली, शिक्का झाला. प्रत सोबत आहे. तुझी सही तेवढी राहिली आहे. नोनाचा राहण्याचा हक्क तसाच ठेवला आहे. दालनाची नोंद घरावर राहील, ती मला पुसता येणार नाही आणि पुसायची नाही. बाकी सगळं तुझं. विकलंस तर मी दगड मोजायच्या पट्ट्या आणि पुस्तकं उचलून निघेन, आणि त्यावर तुला एक शब्द बोलणार नाही. ह्या वेळी खरोखर नाही.

घरी आल्यावर नोनाला सांगितलं. तिनं हात कमरेवर ठेवले.

"सगळं दिलंस?"

"हो."

"आणि मी?"

"तू आहेसच."

"मग बरंय," ती म्हणाली. "म्हणजे भांडायला त्याला इथेच यावं लागेल."

तुझं दप्तर कचेरीनं नोंदवून परत दिलं. छिन्नीला तेल लावून ठेवलं आहे. पानाचा दगड स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, गोल भिंतीच्या टोकाशी. उरलेलं अर्धं पान कोरायला तिथे उजेड चांगला पडतो.

काल बार्बा श्पिरोंनी भोकावर झाकण बसवलं. काँक्रीट नव्हे. ब्राचचा दगड, मधोमध लोखंडी कडी. बसवून झाल्यावर मी ती कडी धरून पाहिली. एका माणसाला उचलता येतं.

विंका